कारखान्यातील वैद्यकीय आणीबाणीची तयारी: आढावा तिसऱ्या पाळीत घ्यावा

औद्योगिक वसाहतीतील शंभर-दीडशे माणसांच्या कारखान्यात अशा तयारीचा आढावा बहुधा सकाळी अकराला, व्यवस्थापक, सुरक्षा अधिकारी आणि कार्यालयातील सगळे हजर असताना घेतला जातो, आणि मग कागदावर काहीच उणे दिसत नाही. तो रात्री दोनच्या सुमारास घ्यावा. तेव्हा शेडमध्ये एक सुपरवायझर, थोडे कायम कामगार, बरेचसे ठेकेदाराचे कामगार आणि गेटवर एखादा सुरक्षारक्षक एवढेच मनुष्यबळ असते. म्हणून पुढील प्रत्येक काम त्यांच्यापैकी कोण करणार, हे नाव लिहिल्याखेरीज त्या बाबीपुढे बरोबरची खूण करू नये.

पहिली बाब माणसांची. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४५ व्या कलमाने दर १५० कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी आणि प्रत्येक पेटीसाठी प्रमाणपत्रधारक जबाबदार व्यक्ती सांगितली, आणि ती व्यक्ती कामाच्या वेळेत सदैव उपलब्ध असावी, असेही म्हटले. ‘सदैव’ या अटीत रात्रपाळी येते, साप्ताहिक सुटी येते आणि त्या व्यक्तीची रजाही येते. त्यामुळे प्रत्येक पाळीत निदान दोघे प्रशिक्षित असावेत, आणि पाळ्या बदलताना दोघेही एकाच पाळीत जाणार नाहीत याची काळजी हजेरीपत्रक तयार करणाऱ्याने घ्यावी. ठेकेदाराच्या कामगारांना प्रशिक्षणातून वगळण्याची प्रथा समर्थनीय नाही, कारण यंत्राशेजारी बहुतेक वेळा तेच उभे असतात. त्यांना मराठी येत नसेल, तर सराव आणि फलक हिंदीतही असावेत.

पेटीबाबत फार लिहिण्याची गरज नाही. तिला कुलूप असल्यास किल्ली रात्री कोणाकडे असते ते पाहावे, वापरलेल्या वस्तू त्याच आठवड्यात भरून घ्याव्यात आणि मुदत संपलेल्या काढून टाकाव्यात. ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज पेटीत काहीही ठेवू नये, असेही त्याच कलमाने म्हटले होते. तरी चहाच्या पैशांचा डबा तिथेच सापडतो.

प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ हृदयक्रिया बंद पडण्याच्या प्रसंगाला द्यावा, कारण तिथे रुग्णवाहिकेची वाट पाहण्याइतका अवधी नसतो. माणूस कोसळला, हाकेला प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, एवढे दिसले की छातीवर दाब देणे सुरू करावे. अधूनमधून येणारे आचके हा श्वास नव्हे, हे सर्वांना पुन्हा पुन्हा सांगावे लागते. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब द्यावा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा. हे फळ्यावर आकृती काढून येत नाही. पुतळ्यावर प्रत्येकाला घाम फुटेपर्यंत करायला लावावे. हृदयाला विजेचा झटका देणारे एईडी यंत्र घेतले असेल, तर ते व्यवस्थापकाच्या बंद केबिनमध्ये ठेवू नये.

त्यानंतर आपल्या कारखान्यात खरोखर काय घडू शकते, ते पाहावे. प्रेस शॉप, म्हणजे दाबयंत्रांचा विभाग, असेल तर बोट तुटण्याचा सराव हवाच: जखमेवर स्वच्छ कापडाने थेट आणि सलग दाब द्यायचा, तुटलेला भाग ओलसर स्वच्छ गॉझमध्ये गुंडाळून पिशवीत घट्ट बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची, तो भाग थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात आणि जोडण्याची संधी जाते. भाजल्यास २० मिनिटे वाहते गार पाणी द्यावे, टूथपेस्ट किंवा हळद नव्हे. विजेचा धक्का बसलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा, आणि तो कुठे आहे हे केवळ इलेक्ट्रिशियनला ठाऊक असून भागणार नाही. टाकीत किंवा खड्ड्यात कोणी बेशुद्ध पडल्यास योग्य साधनांशिवाय मागोमाग कोणीही उतरू नये. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलेही दगावतात, म्हणून हा नियम फलकावर मोठ्या अक्षरांत असावा. फिट आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, तोंडात काही घालू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवावे आणि फिट पाच मिनिटांहून अधिक चालल्यास रुग्णवाहिका बोलवावी.

फोन करण्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागणार नाही, असे लेखी परिपत्रक काढावे. तयारीतील हा सर्वांत स्वस्त भाग, आणि अडते बहुधा इथेच: सुपरवायझर आधी व्यवस्थापकाला उठवतो, व्यवस्थापक मालकाला विचारतो, आणि दरम्यान १०८ ला फोनच जात नाही. फोनशेजारी प्लॉट क्रमांक, सेक्टर आणि चालकाला ओळखता येईल अशी जवळची खूण मराठी व हिंदीत लिहून चिकटवावी, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःच्या कारखान्याचा पत्ताही आठवत नाही. एकाने मुख्य रस्त्यावर टॉर्च घेऊन उभे राहावे, सुरक्षारक्षकाने नोंदवहीत सही न मागता गेट उघडावे आणि माल उतरवणारा ट्रक वाटेत असल्यास त्याची चावी चालकाकडे नव्हे, गेटवर असावी. रात्री हृदयरोग, भाजणे आणि हाताच्या शस्त्रक्रियेची सोय कोणत्या रुग्णालयात प्रत्यक्ष चालू असते, हे दिवसा जाऊन विचारून घ्यावे. कामगाराचा विमा क्रमांक, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी ठेकेदाराच्या कार्यालयात अडकून न राहता गेटवरच्या फायलीत असावा.

सराव दर तीन महिन्यांनी, दर वेळी वेगळ्या पाळीत आणि वेळ आधी न कळवता घ्यावा. हाक दिल्यापासून पहिला दाब छातीवर पडेपर्यंत आणि स्ट्रेचर गेटवर पोहोचेपर्यंत किती वेळ लागला, ते घड्याळ लावून नोंदवावे. स्ट्रेचर जिन्याच्या वळणावर अडकते की नाही, हेही तेव्हाच कळते. ठेकेदार बदलला की माणसेही बदलतात. त्या महिन्यात नावांची यादी आणि सराव दोन्ही पहिल्यापासून करावे लागतात, ठरलेली तारीख दूर असली तरीही.