खाऱ्या पाण्याच्या टाकीत खाणं किती वेळा टाकावं?

क्लाउनफिश, डॅमसेल या माशांना दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. अँथियास माशांना मात्र तीन-चार वेळा थोडं थोडं लागतं, नाहीतर ते खंगतात. टँग माशासाठी रोज नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा क्लिपला लावा. उरलेला संध्याकाळी काढा.

फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) आरओच्या पाण्यात वितळवून बारीक गाळणीतून गाळा. ते पाणी टाकीत ओतलं की फॉस्फेट वाढतं आणि काचेवर शेवाळ धरतं.

कोरलचं (प्रवाळाचं) बरंचसं पोषण प्रकाशातूनच होतं, त्यामुळे रोज भरवायची घाई नको. युफिलिया, अकान या कोरलना आठवड्यातून एक-दोनदा, दिवे मावळल्यावर तोंडं फुलली की भरवा. आधी वेव्हमेकर (टाकीत लाटा करणारा पंप) आणि रिटर्न पंप (गाळलेलं पाणी टाकीत परत आणणारा) बंद करा, पिपेटने एकेका तोंडावर मायसिस ठेवा, १०-१५ मिनिटांनी पंप सुरू करा. तो विसरलात तर प्राणवायू घटतो. कोळंबी घास पळवत असेल तर तिला आधी खाऊ घाला.

मुंबईच्या एप्रिल-मेमध्ये हे फार जपा: पाणी २८ अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि उरलेलं खाणं लवकर कुजतं. वीज गेली असेल तर खाणं टाकूच नका; निरोगी मोठे मासे एक-दोन दिवस सहज उपाशी राहतात.