विस्कळीत थरांतून जाणारा प्रकाश: गणित करताना या चुका टाळा

काचेच्या 50 पट्ट्या मध्ये हवेच्या असमान फटी सोडून एकामागे एक रचल्या आणि त्यांवर एकरंगी प्रकाश लंब दिशेने सोडला, तर काच आणि हवा यांच्या 100 सीमांपैकी प्रत्येकीवर सुमारे 4 टक्के प्रकाश मागे फिरतो. केवळ किरणांच्या तीव्रतांची बेरीज केली, तर पलीकडे सुमारे 19 टक्के प्रकाश पोहोचावा. पण तरंगांच्या कला (फेज, म्हणजे तरंग आपल्या चढउतारात कुठे आहे ती स्थिती) हिशेबात घेतल्या, की प्रातिनिधिक उत्तर 0.96 चा शंभरावा घात, म्हणजे जेमतेम 1.7 टक्के येते. भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांनी 1958 मध्ये इलेक्ट्रॉनांसाठी मांडलेले स्थानिकीकरण, म्हणजे विस्कळीत रचनेत तरंग पुढे न सरकता अडकून पडणे, प्रकाशालाही लागू पडते, म्हणून कला वगळणे ही पहिली चूक होय.

सर्वांत जास्त फसवणारी चूक मात्र सरासरीची आहे. यादृच्छिक रचनेचे अनेक नमुने घेऊन पारगमनाची (पलीकडे पोहोचणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणाची) थेट सरासरी काढली, तर अनुस्पंदनामुळे (रेझोनन्समुळे) जवळजवळ पारदर्शक ठरलेले मोजके नमुने ती एकटेच वर ओढतात आणि हाती आलेला आकडा बहुसंख्य नमुन्यांचे वर्णनच करत नाही. त्यामुळे आधी प्रत्येक नमुन्याच्या पारगमनाचा लॉगरिदम घ्यावा आणि मग सरासरी काढावी. थरांच्या संख्येबरोबर सरळ रेषेत उतरते ती हीच राशी (म्हणजे खुद्द पारगमन घातांकी घटते), आणि स्थानिकीकरणाची लांबी, म्हणजे ही घट किती अंतरात होते त्याचे माप, तिच्या उतारावरूनच काढावी.

अशी घातांकी घट शोषणामुळेही होते, म्हणून केवळ घट पाहून निष्कर्ष काढू नये. परावर्तनही मोजावे: परावर्तन आणि पारगमन यांची बेरीज 1 भरत नसेल, तर शोषण किंवा बाजूंनी होणारी गळती आधी शोधावी.

प्रोग्राममध्ये पारगमन 1 मधून परावर्तन वजा करून काढू नये, कारण दुहेरी अचूकतेत (संगणक संख्या सुमारे 16 अंकांपर्यंत साठवतो त्या प्रकारात) पारगमन त्याहून लहान झाले, की ते शून्यच दिसते. ट्रान्स्फर मॅट्रिक्सचे (थराच्या एका बाजूचे तरंग दुसऱ्या बाजूच्या तरंगांशी जोडणाऱ्या सारणीचे) आकडे फुगत असतील, तर दर काही थरांनंतर मॅट्रिक्सला मोठ्या गुणकाने भागून त्या गुणकाचा लॉगरिदम वेगळा साठवत जावा.

तिरप्या आपातासाठी, म्हणजे प्रकाश थरांवर तिरपा पडत असताना, दोन्ही ध्रुवणे (प्रकाशाच्या कंपनाच्या दोन दिशा) स्वतंत्रपणे तपासावीत. 1.5 अपवर्तनांकाच्या काचेवर हवेतून सुमारे 56.3 अंशांच्या ब्रूस्टर कोनात येणारा, आपाताच्या प्रतलात (येणारा किरण आणि सीमेवरील लंब ज्या प्रतलात असतात त्यात) ध्रुवित असलेला प्रकाश एकाही सीमेवर परावर्तित होत नाही. त्या कोनात रचना कितीही विस्कळीत असली, तरी स्थानिकीकरण दिसणार नाही आणि प्रोग्राममधील दोष शोधण्यात वेळ व्यर्थ जाईल.