नागपूरच्या उन्हात हवा किती फुगते, ते घरीच कसं मोजायचं

नवतपा लागलेला, दारं-खिडक्या बंद, कूलर सुरू आणि मुलं घरात कंटाळलेली. अशा दुपारी गच्चीवर ४५ अंश असतात आणि फ्रीजमध्ये ५. तापमानाने आकारमान कसं बदलतं हे दाखवायला याहून चांगली वेळ नाही.

१. एक लीटरची प्लास्टिकची बाटली आतून पूर्ण कोरडी करा. झाकण न लावता ती गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत वीस मिनिटं ठेवा. उन्हात नको. उन्हात बाटलीतली हवा बाहेरच्या हवेपेक्षाही तापते आणि हिशोब चुकतो.

२. बाटली गळ्याशी धरून, न दाबता, तिथेच झाकण घट्ट लावा. तापमान लिहून ठेवा.

३. तासभर फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढाल तेव्हा बाटलीच्या बाजू आत ओढल्या गेलेल्या दिसतील.

४. बादलीत फ्रीजमधलं गार पाणी घ्या. बाटली उलटी धरून तोंड पाण्याखाली न्या आणि झाकण उघडा. पाणी आत चढेल. आतली-बाहेरची पातळी सारखी करून झाकण लावा, मग आत आलेलं पाणी मापाच्या कपाने मोजा.

आता गणित. ४५ म्हणजे ५ च्या नऊपट, असं मुलं हमखास म्हणतात. वायूचा हिशोब सेल्सिअसवर चालत नाही. दोन्हींत २७३ मिळवून केल्व्हिन करायचं. ३१८ आणि २७८. दाब तोच असेल तर हवेचं आकारमान केल्व्हिन तापमानाच्या प्रमाणात बदलतं, त्यामुळे १००० मिली हवा ८७४ मिली होते आणि सव्वाशे मिलीच्या आसपास पाणी आत येतं. हा नियम गे-ल्युसॅकने १८०२ मध्ये प्रसिद्ध केला आणि श्रेय शार्लला दिलं. कागदावरचा आकडा कपात उतरलेला पाहताना मुलांचे चेहरे बघा, मला तरी तो क्षण फार मोलाचा वाटतो.

दाबासाठी मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. दट्ट्या २० वर ओढा, टोक बोटाने बंद करा आणि दाबा. हवा १० मिलीवर आली की आतला दाब दुप्पट झालेला असतो. हे बॉइलने १६६२ मध्ये मांडलं. तीच सिरिंज पाण्याने भरून, हवेचा बुडबुडा काढून दाबा. दट्ट्या हलणारच नाही.

पण उष्णतेने पाणीही फुगतं. २०० मिलीची काचेची बाटली माठातल्या रंगीत पाण्याने काठोकाठ भरा, झाकणाच्या भोकातून स्ट्रॉ घालून फट मेणाने बुजवा. पाणी २५ वरून ४५ अंशांवर गेलं की स्ट्रॉमध्ये सहा-सात सेंटिमीटर चढतं. स्ट्रॉचं तोंड उघडंच ठेवा. भरलेली काचेची बाटली फ्रीझरमध्ये मात्र कधीच ठेवू नका. बर्फ होताना पाणी ९ टक्के फुगतं आणि काच फुटते.

घन पदार्थ फार थोडे हलतात: १३ मीटरचा पोलादी रूळ २० अंशांनी तापला तर जेमतेम ३ मिलिमीटर वाढतो.

गाडीच्या टायरमधल्या हवेला पसरायला जागा नसते, म्हणून तिथे दाब वाढतो. सकाळी २७ अंशांना ३२ पीएसआय (पंपावरचं दाबाचं माप) भरलेला टायर, दुपारी वर्धा रोडवरून येताना ५० अंशांपर्यंत तापला की ३५-३६ दाखवतो. हवा भरणारा पोरगा विचारेल, ‘काढू का थोडी?’ काढू देऊ नका. टायर गार झाल्यावर तीच हवा कमी पडते. दाब सकाळी, घराजवळच्या पंपावर, टायर थंड असतानाच तपासा.