गुलाबप्रेमींच्या मंडळाचे सभासद कसे व्हावे

छाटणीची कात्री फांदीवर नेमकी कोठे लावावी हे पुस्तकात वाचून समजते, पण शेकडो झुडपे छाटलेल्या माणसाचा हात प्रत्यक्ष पाहिल्यावरच ते अंगवळणी पडते. गुलाब मंडळात जाण्याचे खरे कारण हेच आहे आणि मंडळ निवडतानाही हीच कसोटी लावावी.

शोधाची सुरुवात पुष्पप्रदर्शनापासून करावी, कारण तेथे गुलाबाच्या टेबलामागे उभी असलेली माणसे बहुधा मंडळाचीच असतात. चांगल्या रोपवाटिकेत किंवा सार्वजनिक उद्यानाच्या कार्यालयात चौकशी केली तरी पत्ता लागतो. निरनिराळ्या देशांतील राष्ट्रीय गुलाब संस्थांचा जागतिक महासंघ 1968 मध्ये स्थापन झाला. आपल्या देशाची संस्था त्याची सदस्य असल्यास तिच्याकडेही स्थानिक मंडळांची माहिती मिळू शकते.

वर्गणी भरण्याची घाई करू नये. आधी एकदोन बैठकांना पाहुणा म्हणून बसू द्यावे, अशी विनंती करावी. ती सहसा नाकारली जात नाही. तेथे चर्चा कशाची होते ते ऐकावे. केवळ सत्कार आणि बक्षिसांचीच चर्चा चालत असेल, तर नवशिक्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. याउलट माती, खत, भुरीसारखे रोग, फुलकिडे यांवर वाद रंगत असतील आणि छाटणीची व डोळा भरण्याची (म्हणजे एका झाडाचा डोळा, म्हणजेच अंकुर, दुसऱ्याच्या खोडावर बसवण्याची) प्रात्यक्षिके एखाद्याच्या बागेत होत असतील, तर ते मंडळ आपल्या कामाचे आहे असे समजावे.

अर्ज भरताना वर्गणीचे वर्ष केव्हा सुरू होते आणि सभासदत्वात काय काय मिळते एवढे विचारून घेतले की पुरे. शक्य असल्यास छाटणीच्या हंगामाआधी नाव नोंदवावे. बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटिमीटर वर तिरका छेद का घ्यावा, आणि खुंटावरून (ज्या झाडावर डोळा भरलेला असतो त्यावरून) फुटणारा कोंब नुसता वरून न कापता मुळापासून का काढावा, हे त्या काळात एका सकाळी जेवढे कळते तेवढे एरवी वर्षभरातही कळत नाही.

पहिल्या बैठकीला प्रश्न घेऊन जावे, आणि तो नेमका असावा. ‘माझा गुलाब नीट वाढत नाही’ असे सांगितल्यास दहा जण दहा सल्ले देतील. झाडाला दिवसातून किती तास ऊन मिळते (सहा तासांहून कमी असल्यास कारण बहुधा तेथेच सापडते), पाणी केव्हा आणि कोठून घातले जाते, शेवटचे खत कोणते दिले, हे कागदावर लिहून न्यावे. रोगट पान न्यायचे असल्यास ते बंद पिशवीत घालूनच न्यावे. उघड्या पानावरून लाल कोळी ही कीड दुसऱ्यांच्या बागेत पोचली, तर नव्या सभासदाची ओळख फार दिवस टिकते! पानांवरील काळे ठिपके ज्या बुरशीमुळे पडतात, तिचे बीजाणू पान काही तास सतत ओले राहिल्यास रुजतात. म्हणूनच अनुभवी मंडळी औषधाचे नाव सांगण्यापूर्वी पाणी घालण्याची वेळ विचारतात.

मंडळात नवे रोप करण्यासाठी लागणाऱ्या काड्यांची देवाणघेवाण मोकळेपणाने होते. मात्र काही नव्या जातींवर पैदासकाराचे कायदेशीर हक्क असतात, त्यामुळे काडी मागण्यापूर्वी जातीची चौकशी करावी.

पहिल्याच वर्षी प्रदर्शनात एक तरी फूल ठेवावे. नवशिक्यांसाठी वेगळा गट असल्यास त्यातच नाव द्यावे. हायब्रिड टी (लांब दांड्यावर बहुधा एकेकच मोठे फूल देणाऱ्या) प्रकारातील फूल अर्धे ते पाऊण उमललेले असावे, एका सरळ दांड्यावर असावे, आणि शेजारच्या कळ्या लहान असतानाच खुडाव्यात, म्हणजे खुडल्याची खूण राहत नाही. जातीचे नाव चुकल्यामुळे सुंदर फूल बाद होऊ शकते, म्हणून रोप विकत घेतल्या दिवशीच त्याची चिठ्ठी जपून ठेवावी.