घाटमाथ्यावर वाऱ्यात टेंट लावताय? आधी या चुका टाळा

पावसाळा सरला की नाणेघाट, रतनगड, साल्हेर असं सगळीकडे मुक्कामाला जाणाऱ्यांची गर्दी सुरू होते आणि दरवेळी त्याच त्याच चुका दिसतात, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. लोक टेंटवर हजारो रुपये घालतात, कुठला पोल, किती एमएमचं वॉटरप्रूफिंग यावर तासनतास बोलतात, पण वर पोचल्यावर जागा बघायला दहा मिनिटं देत नाहीत. वाऱ्याच्या रात्रीची सगळी तयारी उजेड असतानाच करावी लागते. त्यामुळे माझा नियम सरळ आहे, चारपर्यंत मुक्कामाच्या जागी पोचायचं, नाही जमत तर खालच्या वाडीत कुणाच्या तरी पडवीत झोपायचं आणि सकाळी वर चढायचं.

कड्याच्या टोकावर टेंट लावणं

ही चूक सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात वाईट आहे. कारण एकच, फोटो. टेंटच्या दारातून सूर्यास्त दिसला पाहिजे.

नाणेघाटाचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात तिथला धबधबा खाली न पडता उलटा वर उडतो, ते बघायला हजारो लोक येतात. पाण्याला वर ढकलणारा तो वारा काही पावसाळ्यापुरता नसतो. पश्चिमेकडून कोकणातून येणारी हवा कड्याच्या भिंतीवर आदळते, तिला पुढे जायला वाट नसते म्हणून ती वर चढते आणि काठावरून उसळी मारून मागे पठारावर कुठेतरी उतरते. आता यातली फसवी गोष्ट अशी की उसळी मारताना वारा डोक्यावरून जातो, त्यामुळे अगदी काठाला कधीकधी चक्क शांत वाटतं. आणि त्या शांत पट्ट्यात हवा गोल फिरते, म्हणजे जमिनीलगतचा झोत मधूनच उलटा, पठाराकडून दरीकडे येऊ शकतो.

मे महिन्याच्या शेवटी तिथेच चार पोरांचा ग्रुप भेटला होता. दोन टेंट, काठापासून जेमतेम वीस फुटांवर, दारं दरीकडे. मी जाऊन सांगितलं की मागे त्या उंचवट्याच्या आड या, जागा भरपूर आहे. तर म्हणाले, "दादा, इथे तर वाराच नाहीये, उलट तुमच्याकडेच जास्त लागतोय." आणि ते खरंच होतं, त्या क्षणी. मी परत एकदा सांगितलं, ऐकलं नाही. रात्री एकच्या सुमाराला ओरडा ऐकू आला म्हणून टॉर्च घेऊन धावलो तर एक टेंट एका बाजूने पूर्ण उचललेला, आत दोघं अडकलेले, पोल मधोमध मोडून त्याच्या टोकाने कापड वीतभर फाटलेलं, आणि दुसरा टेंट जागेवर नव्हताच. त्यातली दोघं सुदैवाने बाहेर गप्पा मारत बसली होती, त्यामुळे रिकामा टेंट बॅगा, गाडीची किल्ली, सगळ्यासकट दरीत गेला. वारा पश्चिमेचा आणि टेंट गेला पश्चिमेलाच, तो का ते वर सांगितलंय. आत कुणी झोपलेलं असतं तर काय झालं असतं हा विचार मला अजून सोडत नाही. चौघांना आमच्या टेंटमध्ये दाटीवाटीने बसवलं आणि उजाडल्यावर वाडीत नेलं.

म्हणून माझी सवय, कड्यापासून कमीत कमी शंभर पावलं मागे आणि मध्ये काहीतरी आडोसा, मग तो उंचवटा असो, मोठी दरड असो नाहीतर कारवीचं दाट रान असो. कारवी वारा छान अडवते. सूर्यास्त चालत जाऊन बघायचा आणि परत यायचं. जागा शोधताना झाडं बघा, माथ्यावरची झाडं-झुडपं वर्षानुवर्षांच्या वाऱ्याने एका बाजूला झुकलेली असतात, त्यावरून कळतं जोर कुठून येतो. आणि वाडीतल्या मामांना विचारा की रात्री गुरं कुठे बसवता. ती जागा बहुतेक आडोशाची निघते, फक्त गोचीड असतात म्हणून अगदी तिथेच नाही, जरा बाजूला लावायचं.

खिंडीतली सपाट जागा बघूनही भुलू नका. दोन डोंगरांच्या मधून हवा दाबून निघते तेव्हा तिचा वेग वाढतो, पठारावर झुळूक असते तेव्हा खिंडीत उभं राहवत नाही.

दोऱ्या न बांधणं

टेंटच्या पिशवीत दोऱ्या कंपनीने गुंडाळून दिलेल्या असतात तशाच्या तशा गुंडाळलेल्या मला दिसतात, याचा खरंच वैताग येतो. "डोम टेंट आहे, आपोआप उभा राहतो" हे उत्तर तर पाठ झालंय. उभा राहतो हो, पण टिकत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की टेंटवरचा दाब चौपट होतो, म्हणजे संध्याकाळी ताशी २० किमीच्या वाऱ्यात मजेत उभा असलेला टेंट रात्री ४० च्या झोतात चौपट मार खातो. तो मार पोलवरून जमिनीत नेणारी मुख्य गोष्ट म्हणजे त्या दोऱ्या.

आता अडचण अशी की आपल्याकडे माथ्यावर बहुतेक कातळ, पेग (टेंट जमिनीला पक्का करायचा खिळा) आत जातच नाही. मग लोक कोपऱ्यावर चार दगड ठेवून मोकळे होतात. दगड घसरतो, कापड निसटतं, संपलं. मी असं करतो, दोरीचं टोक एका छोट्या लांबट दगडाला बांधायचं, तो जमिनीवर ठेवायचा, आणि त्याच्यापुढे, टेंटच्या बाजूला, दोरीवर एक चांगला जड दगड ठेवायचा. दोरी ओढली गेली की छोटा दगड मोठ्यात जाऊन अडकतो. आपला काळा दगड धारदार असतो, म्हणून दोरीखाली जुन्या फडक्याचा तुकडा घालायचा, नाहीतर घासून पहाटेपर्यंत तुटते. वेगळी दहा-बारा मीटर दोरी नेहमी जवळ ठेवा.

दगड उचलताना आधी काठीने हलवा, खाली विंचू किंवा फुरसं असतं. आणि गडावर असाल तर तटबंदीचे, वाड्याच्या जोत्याचे दगड कृपा करून काढू नका. साडेतीनशे वर्षं टिकलेलं बांधकाम तुमच्या एका रात्रीच्या झोपेसाठी मोडायचं नसतं. सकाळी आणलेले दगड परत जागेवर.

माती किंवा मुरूम असेल तर पेग तिरका ठोका, डोकं टेंटपासून लांब झुकलेलं. टेंटची अरुंद, बुटकी बाजू वाऱ्याकडे, दार विरुद्ध बाजूला. लावताना वाऱ्याकडचे दोन कोपरे आधी पक्के करायचे, आत बॅग टाकायची, मग पोल.

बाकीच्या, थोडक्यात

हवामानाच्या अ‍ॅपवर फक्त खालच्या गावाचा वारा बघून निघू नका. ते आकडे नकाशावरच्या मोठ्या चौकोनाची सरासरी असतात, त्यात तुमचा कडा नसतो. विंडी (Windy) या अ‍ॅपवर ८५० हेक्टोपास्कल हवेच्या दाबाचा थर निवडा, तो साधारण दीड हजार मीटरवरचा वारा असतो, म्हणजे कळसूबाईच्या (१६४६ मीटर) आसपासचा. शिवाय गस्ट, म्हणजे मधूनच येणारा जोराचा झोत, वेगळा बघा. मे महिन्यात वळवाचं सावट दिसलं तर वर मुक्काम नकोच, वारा परवडला पण वीज नाही.

टेंटच्या आत स्टोव्ह पेटवू नका, बाहेर कितीही वारा असू दे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि वारा अडवायला स्टोव्हभोवती पत्रा लावताना गॅसचं कॅनिस्टर त्यात कोंडलं जाणार नाही हे बघा, तापलं तर फुटतं.

शेकोटी वाऱ्यात नाही म्हणजे नाही. जानेवारीपासून गवत वाळलेलं असतं, एका ठिणगीने आख्खा डोंगर जातो, आणि धूर आग्या मोहोळापर्यंत गेला तर पळायला जागा उरत नाही. वाऱ्याला कंटाळून नाणेघाटाच्या गुहेत चूल मांडणारेही बघितलेत. सातवाहनांच्या राणी नागणिकेचा ब्राह्मी लेख आहे त्या भिंतीवर, दोन हजार वर्षांचा. तिथे धूर करायचा विचार तरी कसा येतो?

घामाचा टीशर्ट पोचल्या पोचल्या बदला. ओल्या कपड्यात वारा लागला की मे महिन्यातही हुडहुडी भरते.

परवानगीचं आधी बघा. बऱ्याच गडांवर आणि अभयारण्यांत रात्री राहायला मनाई आहे, वनखात्याच्या चौकीवर किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या.

आणि पोल वाकून नाकाला टेकायला लागले तर हट्ट करू नका. बाहेर या, पोल काढा, टेंट आडवा पाडून वर दगड ठेवा आणि आडोशाला बसून रात्र काढा. सकाळी गुंडाळतानाही हाच क्रम, आधी पोल काढायचे, वाऱ्याकडचे पेग सगळ्यात शेवटी, घाईत आधी पेग उपटले की टेंट हातातून जातो.