उन्हाळी चाऱ्याला गावचे सांडपाणी देताना

फेब्रुवारी सरला की सोलापूर, धाराशिव, बीड, माण-खटावकडच्या विहिरी तळ दाखवू लागतात. गटारीचे पाणी मात्र ओढ्यात वाहतच असते. ते चाऱ्याला वळवायचे असेल तर आधी हिशेब मांडा. जलजीवन मिशनच्या निकषाने माणशी 55 लिटर पाणी घरात येते. त्यातले साधारण 65 टक्के मोरीतून बाहेर पडते असे धरले, तर हजार वस्तीच्या गावात दिवसाला 35 हजार लिटर हाती लागते. एप्रिल-मेमध्ये एकरभर नेपियर गवत रोज 30 हजार लिटरच्या आसपास पिते. म्हणजे एकच एकर. चार एकरांची पाइपलाइन टाकू नका.

संडासाचे पाणी यात येता कामा नये. सेफ्टी टाकीचा ओव्हरफ्लो गुपचूप गटारीला जोडलेली घरे बहुतेक गावांत निघतात. ग्रामपंचायतीला धरून ती आधी बंद करून घ्या. मुरमाड जमिनीत घरोघरी शोषखड्डा जमत असेल तर तोच बरा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने त्यावरच डासांचा बंदोबस्त केला. खोल काळ्या रानात मात्र खड्डा लवकर तुंबतो, तिथे तळ्यांशिवाय इलाज नाही.

गटारीच्या तोंडाला जाळी आणि गाळ बसायला छोटी टाकी हवी. ती आठवड्याला उपसली नाही तर पुढचे सगळे वाया जाते. त्यानंतर एकापाठोपाठ दोन-तीन तळी करा. त्यांत मिळून पाणी आठ-दहा दिवस थांबले की जंतांची अंडी तळाशी बसतात. दीड मीटर खोलीला अडीच गुंठे पुरतात, बांध धरून साडेतीन. पाणी येण्याची आणि जाण्याची तोंडे तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत ठेवा, नाहीतर ते सरळ कडेकडेने निघून जाते. डासांसाठी गप्पी मासे सोडा.

लोक वासाला घाबरतात. माझ्या मते खरी भीती धुण्याच्या सोड्याची आणि साबणाची आहे. त्यातला सोडियम काळ्या जमिनीत साठत गेला की जमीन चोपण होते: ओली असताना चिखल, वाळली की दगड, आणि वर पाणी तुंबून राहते. त्यात मे महिन्यात तळ्यावरून रोज सेंटिमीटरभर पाणी उडून जाते, क्षार मागेच राहतात. म्हणून मार्चमध्ये पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या. क्षारता (ईसी, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये) 0.7 पर्यंत निर्धास्त, 3 च्या पुढे हे पाणी नकोच. सोडियमचे प्रमाण आणि आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियम वजा जाता पाण्यात उरणारे कार्बोनेट) हेही तपासायला सांगा, आरएससी लिटरला 2.5 मिलीइक्विव्हॅलंटच्या वर असेल तर काळ्या रानात हे पाणी घालू नका.

शेतातच करायची एक सोपी परीक्षा आहे. पाणी दिलेल्या तुकड्यातले हरभऱ्याएवढे वाळके ढेकूळ काचेच्या ग्लासात, बॅटरीत घालायच्या पाण्यात अलगद सोडा. नळाचे किंवा बोअरचे पाणी नको, त्यातले क्षार फसवतात. हलवू नका. ढेकूळ नुसते विरघळून ढासळले तर हरकत नाही. भोवती दुधाळ ढग पसरून दोन तासांनीही तसाच राहिला तर सोडियम वाढलाय. मग माती परीक्षण करून शिफारशीइतके जिप्सम शेणखतासोबत मृगाआधी वरच्या थरात मिसळा. पावसाने सोडियम खाली जायला शेताला चर मात्र हवा.

फुले जयवंतसारखे संकरित नेपियर, बांबू, झेंडू यांना हे पाणी चालते. कोथिंबीर, पालक, मुळा, काकडी यांना अजिबात नको. पाणी सरीनेच द्या, तुषार लावू नका. जनावरे चरायला सोडण्याआधी दोन आठवडे पाणी तोडा. फळझाडांनाही तोडणीआधी तोच नियम, आणि खाली पडलेले फळ उचलायचे नाही. मोरीच्या पाण्यात नत्र बेताचेच असते, तेव्हा युरिया एकदम बंद करू नका. पाणी धरणाऱ्याने गमबूट घालावेत.

मे अखेरीस रस्त्याचे पावसाळी पाणी तळ्यात शिरणार नाही असा बांध घाला. पहिल्या वळवातच तळी गाळाने भरली तर पुढच्या उन्हाळ्याआधी पुन्हा जेसीबी बोलवावा लागेल.