गव्हाला ताण बसला, पण नेमका कधी? या चुका टाळा

पाने सुकली की पाण्याचा ताण बसला, पाणी दिल्यावर पाने उभी राहिली की पीक सावरले: बहुतेक जणांचा हिशेब एवढ्यावरच थांबतो. पान खरेच सावरते. ओंबीतला न धरलेला दाणा मात्र नंतर कितीही पाणी दिले तरी धरत नाही. म्हणून ताण किती बसला यापेक्षा तो कोणत्या अवस्थेत बसला, हे आधी विचारावे.

पाने सुकण्याची वाट पाहणे

पान दिवसभर सुरळी राहू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. माती कोरडी पडू लागली की झाडात अॅबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढते आणि पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटतात. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइड आत येणेही कमी होते आणि अन्न तयार होण्याचा वेग उतरतो. नव्या पानांची वाढ तर त्याच्याही आधी मंदावते. बाष्पीभवन घटल्यामुळे पीक तापते. त्यामुळे दुपारी इन्फ्रारेड थर्मामीटरने पिकाचे तापमान घेऊन ते भरपूर पाणी दिलेल्या पट्ट्याशी ताडून पाहिले, तर ताण डोळ्यांना दिसण्याआधी कळतो. उपकरण नसेल तर ३० आणि ६० सेंटिमीटर खोलीची माती काढून मुठीत दाबून पाहा. वरचा थर कोरडा आणि खाली ओल असेल तर घाई नको. दुपारी वळलेले पान पहाटे सरळ असेल तरीही नको. पहाटेसुद्धा पाने वळलेलीच असतील तर मात्र पाण्याला उशीर झाला आहे.

पोटरीतल्या ताणाकडे दुर्लक्ष

सगळ्यांत महाग पडणारी चूक हीच. ओंबी अजून पोटरीत, म्हणजे वरच्या पानाच्या फुगलेल्या आवरणात, लपलेली असते, शेत हिरवेगार दिसते, आणि आत परागकण घडत असतात. या थोड्या दिवसांत ताण बसला तर परागकोशात साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज विकराचे काम मंदावते, परागकणांत पिष्ट साठत नाही आणि ते वांझ निघतात. स्त्रीकेसर बहुधा शाबूत राहतो, पण त्याला पराग मिळत नाही. शिवाय ओंबीतली काही फुले पूर्ण घडण्याआधीच मरतात. याचा पत्ता लागतो काही आठवड्यांनी, तेव्हा दोष बियाण्याला दिला जातो.

फुलोऱ्याच्या वेळी काही ओंब्या उघडून पाहण्याचा कंटाळा करू नये. निरोगी परागकोश टपोरे, पिवळे असतात; वांझ कोश बारीक आणि फिकट. पराग न मिळालेली फुले नेहमीपेक्षा जास्त वेळ उघडी राहतात. अर्थात कडाक्याची थंडी आणि बोरॉन किंवा तांब्याची कमतरता यांमुळेही असेच होते. म्हणून पोटरीच्या दिवसांतले हवामान आणि मातीतली ओल यांची नोंद शेजारी ठेवूनच निष्कर्ष काढा.

‘आता पाणी देऊन काय उपयोग’

फुलोऱ्यानंतर खालची पाने पिवळी पडू लागली की अनेक जण पाण्याची पाळी सोडून देतात. पण फुलोऱ्यानंतरच्या सुमारे दोन आठवड्यांत दाण्यातल्या पेशींची संख्या ठरते आणि त्यावर दाणा जास्तीत जास्त किती मोठा होऊ शकेल हे ठरते. पुढे ध्वजपान (सर्वांत वरचे पान), कुसळे आणि खोडात साठलेली फ्रुक्टनसारखी शर्करा मिळून दाणा भरतात. ताणात पाने लवकर वाळली की खोडातल्या साठ्यावरचा भार वाढतो. या काळातले थोडे पाणीही किती मोलाचे असते याचे ऑस्ट्रेलियातले उदाहरण बोलके आहे. संशोधक किर्केगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, दाणे भरताना खोल थरातून मिळालेल्या जास्तीच्या १०.५ मिलिमीटर पाण्याने हेक्टरी सुमारे ०.६२ टन उतारा वाढला. म्हणजे दर मिलिमीटरला ५९ किलो. दोन पथ्ये: वाऱ्यात भरपूर पाणी देऊ नका, पीक लोळते; आणि दाणा कडक झाल्यावर दिलेले पाणी वायाच जाते.

ओल कमी असताना सुरुवातीलाच नत्राचा मारा

काळेभोर पीक पाहून मन भरते, पण पानांचा तो पसारा फुलोऱ्याआधीच जमिनीतली ओल संपवतो. खोडातही साखर कमी साठते. मग ओंब्या भरपूर आणि दाणे चिमलेले, अशी गत होते. ओलीचा भरवसा नसेल तर नत्र विभागून द्या, दुसरा हप्ता ओल पाहून. असल्या चिमलेल्या दाण्यात प्रथिनांची टक्केवारी चढलेली दिसते, त्याने हुरळून जाऊ नका: प्रथिने वाढलेली नसतात, पिष्ट कमी भरलेले असते.

मळणीनंतर फक्त एकूण वजन पाहणे

चौरस मीटरमधल्या ओंब्या, ओंबीतले दाणे आणि हजार दाण्यांचे वजन वेगवेगळे मोजा. ओंब्याच कमी असतील तर ताण फुटव्यांच्या किंवा कांडी धरण्याच्या काळातला. ओंब्या पुरेशा पण दाणे विरळ असतील तर पोटरी-फुलोऱ्यातला. दाण्यांची संख्या ठीक आणि वजन हलके असेल तर दाणे भरतानाचा. यातही गफलत होऊ शकते, कारण दाणे कमी धरले की उरलेले अनेकदा जास्त टपोरे होतात आणि नुसता नमुना हातात घेतल्यावर पीक उत्तम वाटते.

पांढऱ्या पडलेल्या ओंब्यांचे खापर मात्र लगेच ताणावर फोडू नका. ओंबी ओढून पाहा: सहज निघून आली आणि बुडाशी कुरतडलेली असेल तर खोडकिडा. झाड उपटल्यावर मुळे किंवा खोडाचा तळ काळा-तपकिरी दिसला तर मूळकूज. तिथे पाणी वाढवून काही साधणार नाही.